'अमेझिंग स्पायडर-मॅन' कॉमिकचा अंक २३८ घेताना आतही बघा
जुन्या कॉमिकची बारकोडवाली न्यूजस्टँड प्रत (म्हणजे वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकलेली) असली आणि कणा (घडीची कड) सरळ असला की चांगला ग्रेड, म्हणजे अवस्थेचा दर्जा, पक्का, असं कुणी म्हणेल. अशा प्रती चांगल्या अवस्थेत कमीच उरल्यात, हे खरं. पण 'अमेझिंग स्पायडर-मॅन' २३८ (मार्च १९८३, हॉबगॉब्लिन या खलनायकाचा पहिला अंक) घेताना मधलं पान उघडून बघाच. तिथे तात्पुरत्या टॅटूंचा कागद जोडलेला होता. मुलांनी तो काढून वापरला, त्यासाठीच तर होता! तो नसेल तर अंक कितीही कोरा असला तरी सीजीसी (कॉमिकना ग्रेड देणारी कंपनी) सहसा नेहमीच्या निळ्याऐवजी हिरवं 'क्वालिफाइड' (म्हणजे काही उणीव असलेला) लेबल लावते, आणि किंमत धाडकन उतरते.

'फँटास्टिक फोर' २५२ मध्येही असाच कागद होता, त्यामुळे तिथला काढून इथे बसवणारेही भेटतात. स्टेपलभोवतीची भोकं ताणलेली दिसली तर मी तो अंक सरळ सोडून देतो.