गाडी चालवताना फोन वाजतो तेव्हा… तुमचे अनुभव सांगा

गेल्या आठवड्यात नाशिकला गंगापूर रोडला जेहान सर्कलच्या अलीकडे मी अ‍ॅक्टिव्हावर होते. फोन हेल्मेटच्या आत कानापाशी खुपसलेला. पलीकडे बहीण, आणि विषय काय, तर आईच्या गोळ्यांचा डबा कुठल्या कपाटात आहे! पुढची रिक्षा भाडं दिसल्यावर थांबली. मी ब्रेक दाबला, फोन निसटला आणि गाडी सावरायची सोडून मी फोन झेलायला हात काढला. गुडघ्याला चार टाके. रिक्षावाल्या दादांनी आधी मला उचललं, मग फोन. त्यातून बहिणीचं 'हॅलो, हॅलो' चालूच होतं.

चालकांना फोन वापरू द्यावा की नाही, यावर मतं रग्गड आहेत. मला अनुभव हवेत, तेही स्वतःच्या चुकीचे. 'लोकांना अक्कलच नाही' हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे.

रिक्षा, नाशिकरोड
फोन बंद ठेवायचा म्हटलं, तर भाडं कुठून येणार ताई? अ‍ॅपवर भाडं वाजलं की लगेच बोट लावायचं, नाहीतर गेलं दुसऱ्याला. रस्ता बघण्यापुरता फोन २०२० पासून नियमात बसतो, लक्ष विचलित व्हायला नको एवढीच अट. पण त्याच स्क्रीनवर नकाशाच्या डोक्यावर भाडं येतं आणि भाड्याच्या डोक्यावर पॅसेंजरचा फोन, 'दादा, कुठपर्यंत आलात?' अहो, तुमच्याकडेच येतोय! एकदा असंच उत्तर देताना दुभाजकावर चढलो. आता कडेला घेऊनच बोलतो. दिवसाची दोन भाडी जातात, खोटं कशाला सांगू.

टेम्पो, पिंपळगाव ते वाशी
सीझनला द्राक्षं भरून रात्री निघायचं, पहाटे मार्केटला लागायचं. घोटी सोडली की आधी शेतकऱ्याचा फोन, मग गाडीमालकाचा, मग व्यापाऱ्याचा. तिघांचा सवाल एकच, 'कुठवर आला?' नाही उचलला तर पुढची खेप दुसऱ्याला.

तीन वर्षांमागे कसारा घाटात उताराला होतो, गाडी फुल भरलेली. व्यापाऱ्याचा फोन आला. डॅशबोर्डवर थरथरत थरथरत फोन पार क्लीनरच्या बाजूला सरकला. मी वाकलो. मान वर केली तर पुढच्या कंटेनरचे लाल दिवे काचेत मावत नव्हते. डावीकडं दाबली, आरसा गेला, क्रेटचे वरचे थर सरकले. वाशीला माल उतरवला तर मणी गळालेले. भाव पडला, आणि तुटीचे पैसे कापले कुणाच्या भाड्यातून? माझ्या. कापणारा तोच, ज्याच्या फोनपायी हे झालं.

आता क्लीनर सोबत असला तर फोन त्याच्याकडं. एकटा असलो की घोटीला चहाला थांबतो आणि तिघांना सांगून टाकतो, 'आता वाशीपर्यंत मी मेलो समजा.' मालकाला तो शब्द आवडत नाही.

पाथर्डी फाटा
मी गाडी चालवतच नाही. मी फोन करणारी. ह्यांची अंबड एमआयडीसीतली सेकंड शिफ्ट साडेअकराला सुटते. जरा वेळाने मी फोन करायचे, 'भात लावू का?' एका रात्री ह्यांनी एका हाताने उचलला आणि खड्डा आला. मला गाडी घासत गेल्याचा आवाज आला. मग नुसता रस्ता ऐकू येत होता, गाड्या जाताना. ह्यांचा आवाज येईपर्यंत मी कुकरची शिट्टी हातात धरून उभी. खांद्याचं हाड मोडलं होतं.

आता गेट वाजल्यावर भात लावते. वीस मिनिटं थांबतात जेवायला.

कॉलेज रोड
मी ब्लूटूथवाला, म्हणजे शहाण्यांतला. मुंबई नाक्याहून निघालो, नाशिकरोडला जायचं होतं, साहेबांशी बोलत होतो. भानावर आलो तो आडगाव नाक्यापाशी. मधला द्वारका चौक, जिथं वळायचं होतं, तो कसा ओलांडला, एक अक्षर आठवत नाही. द्वारकेची ती गर्दी नकळत ओलांडता येते यावर कोणी नाशिककर विश्वास ठेवणार नाही, पण झालं खरं. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८४ मध्ये हातात धरलेला फोन धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये घातला. माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

निवृत्त एसटी चालक
ताशी साठला गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. मेसेज वाचायला तीन सेकंद धरा, पन्नास मीटर झाले. चार एसट्या एकामागे एक लावा, तेवढं अंतर तुम्ही न बघता गेलात. हे मी नातवाला ऐकवतो. पण इथं चुका कबूल करायच्यात म्हणून सांगतो, मी कोपराने स्टिअरिंग धरून दोन्ही हातांनी तंबाखू मळायचो. उभ्या नोकरीत एका पॅसेंजरने टोकलं नाही.

धागा काढणारी, पुन्हा
टाके निघाले. बहिणीने आता नियम केलाय, फोन लागला की तिचं पहिलं वाक्य, 'गाडीवर आहेस का?' काल मी 'नाही' म्हणाले. होते.