टेकडीवर लावायला जांभळाचं बी महाबळेश्वरचं आणलं तर चालेल का?

टेकडीवाला_कोथरूड
नमस्कार मंडळी. आम्ही सातआठ जण दर रविवारी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जातो, उन्हाळ्यात झाडांना पाणी घालतो, पावसाआधी खड्डे घेतो. यंदा रोपं विकत न आणता बियांपासून करायची ठरलंय. एकाची मावशी पाचगणीला असते, ती म्हणते महाबळेश्वरच्या रानातलं जांभूळ आणि हिरड्याचं हवं तेवढं बी देते. पण ग्रुपमधल्या बॉटनी शिकवलेल्या एक काकू म्हणाल्या, जात एकच असली तरी डोंगरावरचं झाड आतून वेगळं असतं, बी जवळचंच घ्या. अंतर १२० किमी, मग एवढा काय फरक पडणार?

सह्यरान
अंतर नका बघू, उंची आणि पाऊस बघा. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर, पुणे ५६० वर. हजार मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे इथेच पाचेक अंशांचा फरक झाला. आणि पाऊस तिकडे पाच हजार मिमीच्या वर, आपल्याकडे सात-साडेसातशे! हजारो वर्षं धुक्यात आणि पावसात जी रोपं तगली त्यांचंच बी पुढे गेलं, तसंच इकडे कोरड्यात तगली त्यांचं. त्यामुळे तिकडचं रोप इथल्या एप्रिल-मेमध्ये मान टाकू शकतं.

यात उष्ण कटिबंधाची एक खास गोष्ट आहे. १९६७ साली डॅनियल जान्झेन या अमेरिकन परिसंस्था-अभ्यासकांनी मांडलं होतं की जिथे वर्षभर तापमान फारसं हलत नाही तिथल्या जिवांना तापमानाच्या थोड्याच चढउताराची सवय असते, त्यामुळे तेवढाच उंच घाट त्यांना थंड देशातल्यापेक्षा जास्त अवघड जातो. आपल्या नकाशावर छोटा दिसणारा डोंगर त्यांना भिंत वाटतो.

टेकडीवाला_कोथरूड
पण पक्षी बिया नेतातच की इकडून तिकडे? मग भिंत कसली?

कारवीची_वाट
हा मुद्दा महत्त्वाचा आहे, झाडाझाडावर अवलंबून असतं ते. जांभूळ पक्षी खातात, वटवाघळं खातात, बी लांब जातं, म्हणून देवाणघेवाण बरी होते. कारवी, म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवरचं झुडूप, घ्या आता. तिची बोंडं तडकून बी उडतं ते जेमतेम काही फुटांवर पडतं. वर ती सात वर्षांनी एकदाच फुलते आणि सगळ्या डोंगरांवर एकाच वर्षी फुलते असं नाही, म्हणजे या डोंगरावर बहर असताना पलीकडच्यावर एक फूल नसेल तर मधमाशी पराग नेणार तरी कुठे? डोंगराने जागा तोडली आणि बहराने वेळ तोडली.

अशी तुटलेली वस्ती लहान असली की अजून एक होतं. टोपलीतून मूठभर बियाणं घेतलं की काही वाण निव्वळ योगायोगाने हाती येतच नाहीत, तसं दर पिढीला जनुकांची काही रूपं गळतात. शेजारच्या डोंगरावर वेगळीच रूपं गळतात. म्हणून एका माथ्यावर विविधता कमी, पण सगळे माथे मिळून भरपूर. एक माथा खाणीत गेला तर तिथलं जे फक्त तिथेच होतं ते कायमचं जातं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

सह्यरान
कॉफी हे त्याचं मोठं उदाहरण. अरेबिका ही कॉफीची जात इथिओपियाच्या डोंगरी जंगलातली, मधून रिफ्ट व्हॅली ही लांबलचक दरी जाते, आणि दोन्ही बाजूंची रानटी झाडं जनुकांनी वेगळी निघतात. जगभरची लागवड मात्र येमेनमार्गे गेलेल्या थोड्याच बियांवर उभी आहे, त्यामुळे रोगाला तोंड देणारे गुण शोधायचे तर त्या डोंगरांकडेच जावं लागतं.

कारवीची_वाट
तर तुमच्यासाठी, जांभळाचं बी टेकडीच्या आसपासचं किंवा कात्रजच्या बाजूचं घ्या, आणि एकाच लगडलेल्या झाडाखालचं पोतंभर नको, वीसपंचवीस झाडांखालून थोडं थोडं गोळा करा, नाहीतर सगळी रोपं भावंडंच होतील. हिरडा मी तरी वेताळ टेकडीवर लावणार नाही, त्याला तिथे फार कोरडं पडेल.

टेकडीवाला_कोथरूड
खूप आभार, मावशींना आजच कळवतो. जूनमध्ये जांभळं पडायला लागली की गोळा करू. बी किती दिवस ठेवता येतं?

सह्यरान
ठेवूच नका. जांभळाचं बी सुकलं की उगवत नाही, गर धुऊन त्याच आठवड्यात पिशवीत लावा.