इटलीत रेल्वेने अकरा रात्री: आई-वडिलांसह सात मुक्काम झेपतील का?

निळी_छत्री यांचा प्रश्न

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन इटलीला जाण्याचे ठरले आहे. वडील ७१ वर्षांचे आहेत आणि रोज तासभर चालतात. आई ६७ वर्षांची असून तिच्या गुडघ्यांना पायऱ्या सोसत नाहीत. विमान मिलानला उतरते आणि परतीचे रोमहून आहे, त्यामुळे मधला सगळा प्रवास रेल्वेनेच करायचा, एवढे पक्के आहे. हाताशी असलेल्या अकरा रात्रींची वाटणी मी अशी केली आहे: मिलान २, व्हेनिस २, फ्लोरेन्स २, पिसा १, चिंक्वे तेर्रे १, नेपल्स १ आणि शेवटी रोम २.

हा बेत त्या दोघांना झेपेल का, ही माझी मुख्य शंका आहे. शिवाय रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटे काढावीत, आणि व्हेनिसमध्ये राहण्याऐवजी अलीकडच्या मेस्त्रे येथे स्वस्तात मुक्काम करावा का, याविषयीही अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

रूळवाट यांचे उत्तर

तुमचा बेत नकाशावर सुटसुटीत दिसतो, याचे कारण इटलीतल्या वेगवान गाड्या खरोखरच अंतर खाऊन टाकतात. मिलान ते व्हेनिस सुमारे अडीच तास, व्हेनिस ते फ्लोरेन्स दोन तासांहून थोडे अधिक आणि फ्लोरेन्स ते रोम जेमतेम दीड तास लागतो. परंतु माणूस गाडीत बसून दमत नाही. तो दमतो सामान आवरण्यात, खोली सोडण्यात आणि नव्या गावात दुपारी तीन वाजेपर्यंत खोली मिळण्याची वाट पाहण्यात. मुक्काम बदलला की अर्धा दिवस गेला, असे धरून चालावे. तुमच्या बेतात असे सहा बदल आहेत, म्हणजे अकरांतले तीन दिवस बॅगांच्याच नावावर जमा होतात.

मी तुमच्या जागी असतो तर मिलान २, व्हेनिस ३, फ्लोरेन्स ३ आणि रोम ३ असे चारच मुक्काम ठेवले असते. पिसाला राहण्याची मुळीच गरज नाही. फ्लोरेन्सहून साध्या प्रादेशिक गाडीने तासाभरात तिथे पोहोचता येते आणि कलता मनोरा मुख्य स्थानकापेक्षा पिसा सान रोस्सोरे या लहान स्थानकापासून बराच जवळ आहे. चिंक्वे तेर्रेची पाच गावे जवळच्या ला स्पेत्सिया शहराहून सुटणाऱ्या लोकल गाडीने काही मिनिटांच्या अंतराने जोडलेली आहेत, पण फ्लोरेन्सहून जाऊन-येऊन पाच तास गाडीतच जातात आणि गावांमध्ये चढ-उतारही पुष्कळ आहे. जायचेच ठरले तर मोंतेरोस्सो हे त्यातल्या त्यात सपाट गाव निवडावे आणि कोर्निलिया टाळावे, कारण तिथे स्थानकापासून गावापर्यंत जवळजवळ ३८० पायऱ्यांचा जिना आहे.

नेपल्स रोमपासून सव्वा तासावर आहे, त्यामुळे नेपल्सजवळचे पाँपेई, म्हणजे प्राचीन रोमन शहराचे अवशेष, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगे आहे. मात्र तिथल्या दगडी रस्त्यांवर आईंना त्रास होण्याचा संभव आहे, म्हणून मी रोम-फ्लोरेन्सच्या दरम्यानचे ओर्व्हिएतो हे गाव सुचवेन. गाव उंच कातळावर आहे, पण स्थानकासमोरूनच तारेने ओढली जाणारी छोटी रेल्वे वर नेते. ही रेल्वे १८८८ मध्ये सुरू झाली तेव्हा पाण्याच्या भारावर चालत असे: वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे आणि त्याच्या वजनाने खालचा डबा वर ओढला जायचा. आता ती विजेवर चालते. विषयांतर झाले खरे, पण हे सांगितल्याशिवाय राहवले नाही.

तिसरा_फलाट यांचे उत्तर

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, म्हणून फक्त तिकिटांविषयी लिहितो. चार शहरांसाठी पास घेऊ नये. पास असला तरी वेगवान गाडीत आसन आरक्षित करावेच लागते आणि त्याचे शुल्क वेगळे द्यावे लागते. त्रेनितालिया (तिच्या वेगवान गाड्या म्हणजे फ्रेच्चारोस्सा) आणि इतालो या दोन कंपन्यांच्या गाड्या याच मार्गांवर एकमेकींशी स्पर्धा करतात, त्यामुळे लवकर काढलेले तिकीट बरेच स्वस्त पडते. फक्त सर्वांत स्वस्त तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, हे ध्यानात ठेवून आधी संग्रहालयांच्या वेळा पक्क्या कराव्यात आणि मगच गाड्या ठरवाव्यात. मिलानचे ‘शेवटचे भोजन’ हे लिओनार्दोचे भित्तिचित्र सोमवारी बंद असते आणि ते पाहायला एका गटाला १५ मिनिटेच मिळतात. फ्लोरेन्सचे उफ्फित्सी हे कलासंग्रहालयही सोमवारी बंद, तर व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद असतात.

प्रादेशिक गाडीचे भाडे ठरलेले असते, त्यामुळे ते तिकीट आधी काढून काहीच फायदा नसतो. परंतु कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात सरकवून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. पहिल्या खेपेला मी ते विसरलो. खिशात तिकीट होते, पैसे भरलेले होते, तरी तपासनीसाने ते उलटून-पालटून पाहिले, कोऱ्या कडेवर बोट ठेवले आणि शांतपणे दंडाची पावती लिहिली. चूक माझीच होती. मोबाइलवरचे प्रादेशिक तिकीट असेल तर त्यातही प्रवासापूर्वी चेक-इन करावे लागते.

दुसरी फसगत सूचनाफलकाची. त्यावर गाडीचे अंतिम स्थानक ठळक दिसते. व्हेनिसहून फ्लोरेन्सला नेणाऱ्या गाडीपुढे बहुधा रोम किंवा नेपल्स लिहिलेले असते, म्हणून तिकिटावरचा गाडीचा क्रमांक जुळवावा. फलाटाचा, म्हणजे ‘बिनारिओ’चा आकडा पुष्कळदा अगदी थोडा वेळ आधी झळकतो आणि मग सगळी गर्दी एकदम त्या दिशेने निघते. अशा वेळी आईंना मध्येच बसवून ठेवू नये.

पाणवठा यांचे उत्तर

व्हेनिसबाबत माझे मत स्पष्ट आहे: पैसे वाचवायचे असतील तर मिलानमधली एक रात्र कमी करावी, पण मेस्त्रेला राहू नये. मेस्त्रेहून गाडीने दहा-बारा मिनिटेच लागतात, हे खरे. पण आईंना दुपारी तासभर पाठ टेकायची असेल तर प्रत्येक वेळी परत गाडी गाठावी लागेल. शिवाय व्हेनिस खरे दिसते ते सकाळी सातच्या आत आणि रात्री नऊनंतर, जेव्हा दिवसापुरते आलेले लोक नसतात.

तिकीट मात्र ‘व्हेनेत्सिया सांता लुचिया’ या मूळ व्हेनिसमधल्या स्थानकाचेच काढावे. मेस्त्रे सुटले की गाडी १८४६ मध्ये बांधलेल्या पुलावरून खाडी ओलांडते आणि दोन्ही बाजूंना फक्त पाणी दिसते. स्थानकाबाहेर पाऊल ठेवताच समोर मोठा कालवा आहे. तिथे गुडघ्यांची खरी परीक्षा सुरू होते, कारण जवळजवळ प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. मुक्कामाची जागा निवडताना जलबसच्या थांब्यापासून तिथवर किती पूल लागतात, हे नकाशावर मोजून पाहावे. शून्य किंवा एक आला तरच ती घ्यावी.

आणखी एक गोष्ट म्हणजे संप. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात, आणि लांब पल्ल्याच्या हमखास धावणाऱ्या गाड्यांची यादीही प्रसिद्ध होते. निघण्यापूर्वी आठवडाभर ‘शोपेरो’ (संप) हा शब्द बातम्यांत शोधत राहावे.

निळी_छत्री यांचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मिलान १, व्हेनिस ३, फ्लोरेन्स ३ आणि रोम ४ असे नक्की केले आहे. चिंक्वे तेर्रे वगळले, पिसा एका दिवसात उरकणार. पाँपेई की ओर्व्हिएतो यावर घरात मतभेद झाले: वडिलांना पाँपेई हवे होते, आईला पाण्यावर चालणाऱ्या रेल्वेची गोष्ट आवडली. रोमच्या चौथ्या रात्रीमुळे आता एके दिवशी वडील आणि मी पाँपेईला जाऊ, आई त्या दिवशी विश्रांती घेईल, आणि ओर्व्हिएतोला आम्ही तिघेही जाऊ. व्हेनिसमध्ये दोन पूल लागणारी एक सुंदर खोली मिळत होती. ती सोडून शून्य पुलांची, जरा अंधारी खोली घेतली आहे.