स्थळावर बसून चित्र काढणाऱ्याने इतरांची चित्रे किती पाहावीत?

काठावरचा

गेली सहा वर्षे मी अर्बन स्केचिंग करतो, म्हणजे चौकात, फलाटावर, जिन्याखाली, जिथे टेकायला जागा मिळेल तिथे बसून समोर दिसते ते वहीत उतरवतो. या काळात माझी रेघ जी काही सुधारली ती निम्मी प्रत्यक्ष बसण्यामुळे आणि निम्मी इतर चित्रकारांची कामे बारकाईने पाहिल्यामुळे, असे माझे मत आहे. मात्र परवा माझ्याबरोबर चित्रे काढणाऱ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला बजावले की बाहेर पडण्याआधी दुसऱ्यांची चित्रे पाहणे बंद कर, तुझा डोळा उसना होत चालला आहे. मला ते पटलेले नाही, म्हणून माझी बाजू येथे मांडतो. आपणही आपली मांडावी.

एका चौकाच्या कोपऱ्यावरच्या चार मजली इमारतीने मला वर्षभर दमवले होते. तिच्या दर्शनी बाजूला चाळीस खिडक्या आहेत. मी दर वेळी डावीकडच्या वरच्या खिडकीपासून सुरुवात करीत असे आणि दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरेतो एक तर ऊन सरकलेले असे, नाही तर ओळ तिरकी होऊन खिडक्या उतारावरून घसरत चालल्यासारख्या दिसत. अशातच एका चित्रकाराचे जवळजवळ तशाच इमारतीचे शाईतले रेखांकन माझ्या पाहण्यात आले. प्रथमदर्शनी त्यात सगळ्या खिडक्या आहेत असे वाटले, पण मोजायला बसलो तेव्हा पूर्ण काढलेल्या खिडक्या सातच निघाल्या, आणि त्या सातही भिंतीवर जिथे सावली संपून ऊन सुरू होते त्या कडेला होत्या. त्यापलीकडे काही उभे फटकारे आणि मग नुसता पांढरा कागद. मी ते रेखांकन घरी दोनदा जसेच्या तसे उतरवले, दोन्ही प्रती फाडून टाकल्या आणि पुन्हा त्या चौकात जाऊन बसलो. आमच्या इमारतीवर ऊन दुसऱ्या बाजूने पडते, त्यामुळे त्या चित्रकाराच्या सात खिडक्या मला उपयोगाच्या नव्हत्या. माझ्या सात मलाच शोधाव्या लागल्या. पण चाळीसांतून निवड करायची असते, हे मला त्या चित्राने शिकवले. इमारतीने वर्षभरात शिकवले नव्हते.

कोरा कागद

आपले उदाहरण चांगले आहे, परंतु ते आपल्या बाजूचे असल्यामुळे चांगले आहे. माझे उदाहरण उलट बाजूचे आहे आणि ते सांगताना मला थोडी लाजही वाटते.

चार वर्षांपूर्वी मी एका चित्रकाराच्या कामाच्या इतका आहारी गेलो होतो की रोज सकाळी त्याची चार-पाच चित्रे पाहिल्याशिवाय वही उघडत नसे. त्याच्या जवळपास प्रत्येक चित्रात आकाशाच्या उजव्या कोपऱ्यात पाच-सहा पक्षी असत, ब्रशच्या टोकाने दोन झटक्यांत काढलेले. वर्ष संपताना मी माझी भरलेली वही चाळली तेव्हा एकतीस पानांवर तसेच पक्षी होते. त्यांतले बरेचसे उजव्या कोपऱ्यातच होते, आणि एका पानावर तर ते रेल्वे स्थानकाच्या छताखाली उडत होते. त्या वर्षभरात चित्र काढताना मी खऱ्या पक्ष्यांकडे मान वर करून पाहिल्याचे मला एकदाही आठवत नाही.

गॅब्रिएल कॅम्पानारियो या सिॲटलच्या पत्रकार-चित्रकाराने 2007 साली अर्बन स्केचर्सची सुरुवात केली. त्या चळवळीच्या आठ कलमी जाहीरनाम्यातले पहिलेच कलम सांगते की आम्ही प्रत्यक्ष जागेवर, थेट निरीक्षणातून काढतो. आणि पुढे, जे दृश्य पाहिले त्याच्याशी प्रामाणिक राहतो, असेही एक कलम आहे. माझे ते पक्षी या दोन्ही कलमांचा भंग होते. पक्ष्यांचे सोडा, ते निदान डोळ्यांना दिसतात. रंग रेषेबाहेर मुद्दाम सांडणे, उभ्या भिंती मुद्दाम डुलत्या काढणे, कोपऱ्यात टोकदार अक्षरांत तारीख घालणे, अशा सवयी दुसऱ्यांच्या वह्यांमधून आपल्या हातात कधी शिरतात ते कळतही नाही. आज कुठल्याही देशातल्या दहा स्केचकारांची पाने शेजारी ठेवली तर शहरे दहा दिसतील, पण हात तीन-चारच दिसतील.

ओली शाई

कोरा कागद यांनी सांगितलेला अनुभव खरा आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. पाहण्याने हात बिघडत असता तर चित्रकलेच्या इतिहासात फारसे कोणी उरले नसते.

1790च्या दशकात लंडनमध्ये डॉ. थॉमस मन्रो यांच्या घरी संध्याकाळी काही तरुण चित्रकार जमत आणि मुख्यतः जॉन रॉबर्ट कझन्स या चित्रकाराच्या निसर्गचित्रांच्या नकला करीत. तेथे टॉमस गर्टिन बाह्यरेषा काढत असे आणि त्यावर रंगाचे वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचे पातळ थर, पुढे इंग्लंडचा मोठा निसर्गचित्रकार ठरलेला टर्नर देत असे. दोघेही त्या वेळी विशीच्या आसपासचे होते. तीन वर्षे दुसऱ्याची चित्रे गिरवूनही पुढे टर्नरला कोणी दुसरा कझन्स म्हटले नाही. डच चित्रकार रेम्ब्रांटनेही वयाची पन्नाशी गाठताना मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली, ती त्याला नवशिका म्हणून हात बसवायचा होता म्हणून नव्हे. ती रेखाटने पाहिली तर बसण्याची ढब आणि वेष मुघल आहे, रेघ मात्र पूर्णपणे रेम्ब्रांटची आहे.

कोरा कागद

मोठ्यांची नावे घेतली की वाद संपतो, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. टर्नरच्या उदाहरणाचा माझ्या मते आपल्याला वाटतो तेवढा उपयोग नाही. मन्रोंच्या घरी ते दोघे ज्या चित्रांवरून काम करीत होते त्यांत आल्प्स आणि इटलीतली दृश्ये पुष्कळ होती, आणि टर्नर स्वतः आल्प्समध्ये पोहोचला तो 1802 साली. तोवर हे पर्वत त्याने कझन्सच्या डोळ्यांनी कितीतरी वेळा रंगवलेले होते. त्याच्या अंगी ते ओझे झुगारण्याची ताकद होती, हे मान्य. पण रविवारी दोन तास मिळाले तर वही घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाच्या अंगी ती असेलच, असे आपण कशावरून धरून चालता? टर्नर तीन वर्षे एका चित्रकाराच्या मागे होता. आपण एका संध्याकाळी तीनशे चित्रकार पाहतो आणि एकाच्याही मागे जात नाही. मन्रोंच्या घरातले टेबल आणि ही चाळण्याची सवय यांना एकाच शब्दाने ओळखणे मला बरोबर वाटत नाही.

जुनी वही

मी बरीच वर्षे नवशिक्यांना घेऊन बाहेर बसते, म्हणून एक व्यावहारिक गोष्ट सांगते. उसनी शैली येते त्याआधी उसने साहित्य येते. कोणाच्या तरी चित्रात जाड-बारीक होणारी रेघ दिसते, ती वाकड्या निबच्या फुदे पेनाची आहे असे कळते आणि पुढच्या खेपेला गटातल्या चौघांच्या हातात तेच पेन असते. त्या निबला रेघ जाड हवी तर पेन आडवे झुकवावे लागते, बारीक हवी तर उभे धरावे लागते, आणि हे मनगटाला समजायला काही महिने जातात. तेवढ्यात दुसऱ्या कोणाचे चित्र आवडते आणि पेनही बदलते.

एका विद्यार्थ्याने मात्र वेगळे केले. त्याच्याकडे साधे बॉलपेन होते. आवडलेल्या चित्रातली जाड रेघ त्याने पाहिली आणि ती चित्रात नेमकी कुठे आहे ते हुडकले. ती प्रत्येक वस्तूच्या बुडाशी होती, जिथे वस्तू जमिनीला टेकते तिथे. मग त्याने बॉलपेनानेच बुडाशी चार रेघा जवळजवळ ओढल्या. त्याच्या चित्रातली सायकल त्या दिवशी पहिल्यांदा जमिनीवर उभी राहिली. त्याआधीच्या सगळ्या सायकली हवेत तरंगत होत्या. त्यामुळे नवशिक्यांनी दुसऱ्यांची कामे पाहू नयेत असे मी म्हणणार नाही. पण कोरा कागद यांनी चाळण्याबद्दल जे म्हटले आहे ते शब्दशः खरे आहे. एका चित्रासमोर वीस मिनिटे बसा म्हटले की मुले अशी पाहतात जणू मी त्यांना शिक्षा केली आहे.

काठावरचा

टर्नरबद्दलचा मुद्दा मी मान्य करतो. त्याऐवजी मी व्हॅन गॉगचे उदाहरण देतो, कारण त्यात नक्कल आणि स्थळावरचे काम यांच्यातला टप्पा स्पष्ट दिसतो.

1887 साली पॅरिसमध्ये असताना त्याने हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या दोन छापचित्रांच्या तैलरंगात नकला केल्या. एक फुललेल्या झाडाची, दुसरी पावसातल्या पुलाची. पुलाच्या चित्राभोवती तर त्याने जपानी अक्षरांची चौकटही रंगवली. ही चित्रे आपण पक्ष्यांच्या खात्यात घालू शकता, माझी हरकत नाही. पण पुढच्याच वर्षी तो फ्रान्सच्या दक्षिणेत आर्लला गेला आणि जुलैमध्ये मॉन्माजूरच्या टेकडीवरून खालच्या क्रो मैदानाची मोठी रेखाटने त्याने बोरूने केली. त्यात ना जपानी पूल आहे, ना जपानी अक्षरे. आहे ते एवढेच की जवळच्या गवताला एक खूण, शेताला दुसरी, कुंपणाला तिसरी, आणि दूर जाताना ठिपके बारीक होत होत कागदात विरून जातात. प्रत्येक पृष्ठभागासाठी वेगळी खूण शोधायची, ही गोष्ट त्याने छापचित्रांतून उचलली आणि कोणती खूण कशाला द्यायची ते त्या टेकडीवर बसून ठरवले. एमिल बर्नार या चित्रकार मित्राला लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच म्हणतो की हे चित्र जपानी दिसत नाही, पण मी केलेल्या कामांत कदाचित सर्वांत जपानी हेच असेल.

माझ्या खिडक्यांची तुलना त्या रेखाटनांशी करण्याइतका मी खुळा नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की नकलेच्या टप्प्यावर जे चित्र अगदी उसने दिसते, त्यावरून पुढे काय होईल ते ठरवता येत नाही. कोरा कागद यांनी पक्षी काढणे थांबवले ते एकतीस पाने भरल्यावर, म्हणजे त्यांना ते दिसले. मला तर वाटते की त्यांचा डोळा त्या एकतीस पानांमुळेच तयार झाला.

समास

चर्चेत एक गोष्ट राहून जाते आहे. घरी बसून केलेली नक्कल इतरांना दाखवायची असेल तर त्याखाली मूळ चित्रकाराचे नाव लिहावे आणि ही त्यांच्या चित्रावरून केलेली प्रत आहे असे स्पष्ट म्हणावे. स्थळचित्र म्हणून तर ती मुळीच दाखवू नये. हयात चित्रकाराच्या पोटापाण्याचा प्रश्न असतो, आणि पाहणाऱ्याला आपण त्या जागी बसलो होतो असे भासवणे हे खोटे आहे. शैलीचा प्रभाव ही वेगळी गोष्ट, त्यावर कोणाची मालकी नाही.

कोरा कागद

समास यांच्याशी पूर्ण सहमत. काठावरचा यांच्याशी अर्धाच.

डोळा तयार झाला तो एकतीस पानांमुळे, हे आपले म्हणणे ऐकायला बरे वाटते, पण त्या एकतीस दिवशी आकाशात खरोखर काय होते ते मला आता कधीच कळणार नाही. स्थळचित्र ही त्या वेळेची आणि त्या जागेची नोंद असते असे आपण म्हणतो. स्टुडिओत काम करणारा चित्रकार नकलेतून शिकत असेल तर त्याचे फार तर काही कॅनव्हास वाया जातात, पण माझी मात्र नोंदच खोटी झाली. ज्या जुन्या पुलाचे मी चित्र काढले तो नंतर पाडला गेला, आणि माझ्याजवळ त्याची जी एकमेव आठवण आहे तिच्यात कोणा दुसऱ्याचे पक्षी आहेत.

म्हणून हल्ली मी क्रम उलटा केला आहे. आधी जागेवर जातो, काढतो, फसतो. घरी आल्यावर ज्या ठिकाणी फसलो तेवढेच मनात धरून इतरांची चित्रे काढून बसतो. परवा ओल्या रस्त्यावरचे प्रतिबिंब मला जमले नव्हते, तर पाच चित्रकारांनी ओला रस्ता कसा काढला आहे एवढेच पाहिले. पाचांपैकी चौघांनी प्रतिबिंब खाली उभे खेचले होते आणि मी ते रस्त्याच्या दिशेने तिरके ओढले होते. ही चूक कळायला मला चित्रेच लागली, हे मी नाकारत नाही. पण ती आधी पाहिली असती तर मी पाऊस नसतानाही रस्ता ओला काढला असता, हेही मला माझ्या स्वभावावरून ठाऊक आहे.

जुनी वही

हा क्रम मी माझ्या वर्गात करून पाहणार आहे. एक शंका मात्र आहे. नवशिक्याला आपण कुठे फसलो तेच कळत नाही. त्याला सगळेच फसलेले वाटते, नाही तर सगळेच छान वाटते. त्याच्यासाठी आधी एखादे चित्र दाखवावेच लागेल. एकच, आणि शक्यतो त्या जागेशी संबंध नसलेले, म्हणजे आयते उत्तर उचलता येणार नाही.

काठावरचा

कोरा कागद यांचा क्रम मी काल पाळून पाहिला. पंधरा दिवस कोणाचेही चित्र न पाहता त्याच चौकात गेलो आणि त्याच इमारतीसमोर बसलो. पहिली दहा मिनिटे हात सवयीने उन्हाच्या कडेला जाऊन त्याच सात खिडक्या काढू लागला, आणि तेव्हा लक्षात आले की त्या सात आता मला इमारतीकडे न पाहताही काढता येतात. हे आपल्या पक्ष्यांसारखेच झाले, एवढे मी कबूल करतो. फरक असलाच तर हे पक्षी माझे स्वतःचे होते.

पेन खाली ठेवून नुसता बसून राहिलो. तिसऱ्या मजल्यावर, पूर्ण सावलीत, एका खिडकीच्या गजाला कोणी तरी ओला टॉवेल पिळून टाकला होता आणि त्याचे पाणी भिंतीवरून खाली काळपट रेघ काढत चालले होते. मी ती आठवी खिडकी काढली. चित्र म्हणून ती जागा चुकीची आहे, तिथे नजर विनाकारण अडकते, आणि मला आवडणाऱ्या एकाही चित्रकाराने ती काढली नसती. रात्री त्यांची चित्रे पुन्हा उघडली ती त्यांनी गळणारे पाणी कसे काढले आहे ते पाहायला.