मिझोरमची पोरं जंगलात का गेली?

'फुटीरतावादी पोरं पैशासाठीच बंदूक उचलतात, चिरडून टाकणं हाच उपाय' हे मत मला अजिबात पटत नाही. मिझोरमचंच बघा. १९५९ च्या सुमारास तिथे बांबू फुलला, त्याच्या बिया खाऊन उंदीर बेसुमार वाढले आणि उभी पिकं फस्त झाली. दुष्काळाची सूचना आधीच दिली होती, पण आसाम सरकारने (तेव्हा हा भाग आसामात होता) ती मनावर घेतली नाही. तेव्हा तरुण मुलंच तांदळाची पोती पाठीवर घेऊन डोंगरातल्या गावांत पोचवत होती. त्या मदतकार्यातूनच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट ही भारतापासून वेगळं होऊ पाहणारी संघटना उभी राहिली. पोरं आधी तांदूळ वाहत होती हो, बंदूक नंतर आली!

१९६६ च्या मार्चमध्ये फ्रंटने बंड केलं आणि सरकारने ऐझॉलवर विमानांतून बॉम्ब टाकले, स्वतःच्याच नागरिकांवर. पुढे गावंच्या गावं उठवून लष्करी पहाऱ्याखालच्या वसाहतींत नेली. ज्याचं घर डोळ्यांदेखत जळलं, तो पोरगा कुठे जाणार? जंगलातच.

बंड शमलं ते १९८६ च्या कराराने. फ्रंटचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले, १९८७ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला, बंदुका जमा झाल्या. मधली वीस वर्षं मात्र एका अख्ख्या पिढीची गेली.