ओव्हन नसेल तर कुलकुल करा
घरात ओव्हन नाही, मग नाताळला शेजाऱ्यांना घरचं काय द्यावं, असा प्रश्न कुणीतरी विचारलाय. कुलकुल द्या, म्हणजे तळलेला छोटा गोड खाऊ! गोव्यात कुस्वाराच्या (नाताळच्या फराळाच्या) ताटात नेवऱ्या (करंज्या), दोदोल (नारळाचं दूध आणि गुळाची मऊ मिठाई) यांच्या जोडीला ते असतातच आणि फक्त कढई लागते. मैदा, थोडा रवा, अंडं, पिठीसाखर, भिजवायला नारळाचं दाट दूध. पीठ घट्टच हवं, नाहीतर रेघा उमटत नाहीत. सुपारीएवढी गोळी जेवणाच्या काट्याच्या (फोर्कच्या) पाठीवर (आमच्याकडे त्यासाठी कोरी फणी राखून ठेवलेली आहे) अंगठ्याने दाबून पसरायची आणि गुंडाळत आणायची, शिंपल्यासारखी दिसते. या कामाला मुलांना जरूर बसवा. तळताना आच मंद ठेवा. आणि पूर्ण गार झाल्यावरच बरणीत भरा. गेल्या वर्षी मी घाईने कोमट भरले, सगळे मऊ पडले.