जुना ट्यूब अ‍ॅम्प: माइकला ओठ लागला की झटका
प्रश्न: साठच्या दशकातला अमेरिकन फेंडर गिटार अ‍ॅम्प, दोन पिनांची वायर. गिटारच्या तारा धरून माइकला ओठ लागला की झटका बसतो. ग्राउंड स्विच फिरवला की कमी होतो. तेवढं पुरेल?

उत्तर १: अजिबात नाही. त्या स्विचमागे मेन्स आणि चॅसी (अ‍ॅम्पचा धातूचा सांगाडा) यांच्या मध्ये ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तो शॉर्ट झाला की मेन्स थेट तारांवर. काढूनच टाका. तीन कोअरची वायर घाला: फेज आधी फ्यूजला, मग स्विचला. हिरवी, म्हणजे अर्थिंगची, चॅसीला स्वतंत्र बोल्टवर, आणि बाकी दोन्हींपेक्षा लांब. ओढली गेली तर शेवटी सुटावी.

उत्तर २: प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरवर ४०० व्होल्ट राहू शकतात. रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मीटरने तपासा. स्टेप-डाउनचं (मेन्सचा व्होल्टेज अमेरिकन अ‍ॅम्पसाठी कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) सॉकेट दोन पिनी असेल तर नवी वायर फुकट.

प्रश्नकर्ता: हम (स्पीकरमधून सतत गुणगुण) आला तर?

उत्तर १: अर्थिंग तोडायचं नाही. डीआय बॉक्सवरचा (गिटारचा सिग्नल मिक्सरला देणारा डबा) ग्राउंड लिफ्ट वापरा; तो फक्त सिग्नल केबलचं ग्राउंड तोडतो.